कापणाऱ्यानं शेवटी उचलायचं

माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, यांच्याइतका न्यायी माणूस आख्ख्या जामखेड तालुक्यात झाला नाही, आणि न्यायापायी लोकांना इतका छळणाराही झाला नाही. त्यांच्याकडे एकदा चहाला जाऊन बघा. दोन कपांत चहा ओतला की मामा खाली गुडघ्यांवर बसतात, एक डोळा मिटतात आणि टेबलाच्या कडेवरून दोन्ही कपांची पातळी तपासतात. मग चमचाभर इकडचा तिकडे, अर्धा चमचा तिकडचा इकडे. "उचला जावईबापू, आदी तुमी. मी वतलाय ना, मी शेवटी!" तोवर चहावर जाड साय आलेली असते.

हे वेड मूळचं नव्हे. तीस वर्षं ते सरकारी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजत होते. साखळी झाली, टेप झाली, शेवटी शेवटी तर उपग्रहाशी बोलणारं यंत्रही आलं. पण दोन्हीकडची माणसं खूश होऊन घरी गेलीत असं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ते निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन नाती नगरहून सुट्टीला आल्या, एक आठ वर्षांची, दुसरी पाचची. मी त्यांच्यासाठी क्रीम रोल नेला, आणि माझ्या अकलेप्रमाणे एकच नेला. आता रडारड होणार म्हणून मी चपला शोधू लागलो. पण धाकटी शांतपणे म्हणाली, "ताई, तू काप. मी आधी उचलते." झालं! आपल्या वाट्याला लहान तुकडा येईल या धास्तीनं थोरलीनं जीभ बाहेर काढून पाच मिनिटं तो रोल कापला, क्रीमसुद्धा बोटानं सारखं केलं. मामा खुर्चीतून ताडकन उठले. "जावईबापू, तीस वर्सं मी उगंच उनात हिंडलो की वो!"

तेव्हापासून कुणाची सुटका नाही. नगरच्या एसटीत त्यांनी बाकावर खडूनं रेघ मारली, खिडकीच्या सुखाची भरपाई म्हणून तिकडची बाजू चार बोटं अरुंद ठेवली आणि शेजारच्या प्रवाशाला म्हणाले, "हं, निवडा." तो बिचारा नगरपर्यंत उभ्यानं गेला. घरकामाचेही त्यांनी दोन वाटे पाडले. एकात भांडी, झाडलोट, दळण आणि पाणी भरणं. दुसऱ्यात पेपर वाचणं आणि आल्यागेल्याशी बोलणं. हे वाटे समान आहेत असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. मामींनी क्षणभरही विचार न करता पेपर उचलला. महिनाभर त्या चष्मा लावून अग्रलेख वाचत होत्या आणि मामा मोरीत तवा घासत होते. पुढच्या महिन्यात मामांनी वाटे पुन्हा पाडले, ते बरेच बरे निघाले.

एक विषय मात्र घरात कुणी काढत नसे. मामांचा धाकटा भाऊ शेजारच्याच घरात राहतो आणि सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. वडिलांच्या शेताची वाटणी मामांनी स्वतः तीनदा मोजून केली होती. तिसऱ्यांदा धाकटे म्हणाले, "साखळी तुजी, माप तुजं. मंग म्या कशाला हुबा ऱ्हाऊ?" आणि जे गेले ते गेलेच. मामांनी मला हे एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत.

गेल्या मे महिन्यात मामांनी मला निरोप्या केलं. "त्याला सांगा, मी कापतो, त्यानं उचलायचं." मग आठ दिवस भर उन्हात मामा शेतात. विहीर एकीकडे गेली म्हणून काळी माती दुसरीकडे जास्त, चिंचेचं झाड इकडे म्हणून बांधावरचा रस्ता तिकडे. पांढऱ्या फक्कीची रेघ रोज आखायची, रोज पुसायची. नवव्या दिवशी धाकटे आले. सगळं शेत सावकाश फिरले, आणि ज्या तुकड्यात खाली थोडा मुरूम होता नेमका तोच त्यांनी उचलला.

मामा कासावीस झाले. "आरं, तुज्यासाठी हिरीकडचा सोडला हुता म्या! नीट बघ!"

"बगितलं की," धाकटे म्हणाले. "दादा, आट दिवस तू माज्या डोळ्यानं शेत बगत हुतास. मला तेवढं लई झालं."

मामांना रडू आवरेना, पण नियम सुटेना. "हे बसत न्हाई नियमात!" म्हणून त्यांनी सुट्टीला येऊन चिंचेखाली बसलेल्या धाकट्या नातीकडे न्याय मागितला. ती चिंच चोखत म्हणाली, "आबा, उचलणाऱ्याला 'का उचललं' असं विचारायचं नसतं."

पहिल्या पावसात फक्की वाहून गेली, ती कुणी पुन्हा आखली नाही. आता संध्याकाळी दोघे बांधावर चहा घेतात. मामा अजूनही एक डोळा मिटून कप सारखे करतात आणि धाकटे त्यातल्या त्यात कमी भरलेला शोधून उचलतात. मग मामा चिडतात, कप बदला म्हणतात, ते बदलत नाहीत, आणि चहा रोज गार होतो. परवा मीही तिथे होतो. घरी आल्यावर मी माझ्या भावाचा नंबर शोधला. बऱ्याच वर्षांनी लावत होतो, त्यामुळे पहिलं वाक्य काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हणालो, "दादा, आधी तू बोल."