कौसाबाईची टाच

कौसाबाई कुठंही बसण्याआधी उजव्या पायाची टाच जमिनीवर दोनदा आपटायची. देवळात, लग्नाच्या मांडवात, लोकांच्या ओट्यावर, कुठंही. ठक् ठक् करायची, मान तिरकी करून ऐकायची आणि मगच लुगडं सावरून टेकायची. आवाज पटला नाही तर चार हात पलीकडं सरकायची. एकदा आमच्या शाळेत ग्रामसभा भरली होती. मी बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात बायकांच्या रांगेतून ठक् ठक् ऐकू आलं आणि पाठोपाठ तिचा खणखणीत आवाज. "गुरुजी, तुमच्या टेबलाखाली पोकळ हाय. हिकडं सरकून बोला." सभा खो खो हसली आणि मी चिडलो. पंधरा दिवसांनी त्या टेबलाचा एक पाय फरशीसकट वीतभर खाली गेला. मी तिला मुद्दाम घरी जाऊन सांगितलं. ती हसली नाही. "सांगितलं हुतं," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर मी बरीच वर्षं शाळामास्तर होतो. तिथं कौसाबाईचं घर माझ्या घरासमोर, मधे फक्त एक बोळ. दोन खोल्या, वर पत्रे आणि खाली शहाबादी फरशी. वस्तीवरची ती पहिली शहाबादी. ऊसतोडीच्या कित्येक हंगामांनंतर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, दगडूनं, ते घर उभं केलं होतं. फरशी बसवली त्या दिवशी ती आम्हा सगळ्यांना हाताला धरून घरात नेत होती आणि म्हणत होती, "अनवानी चाला. गार लागतंय का न्हाई सांगा." पण त्या गारव्यावर झोपायला तिला वर्षातले सहा महिनेच मिळायचे. दसरा झाला की ती, दगडू, मुलगा आणि सून ट्रकमध्ये बसून प्रवरेकाठच्या उसात जात, ते पाडव्याच्या सुमारास परतत. मागं राहायची ती एकटी सासू. सोनाबाई तिचं नाव. सगळी वस्ती तिला आजी म्हणायची आणि कौसाबाई आत्याबाई.

माणसं गेली की घुशी येत. हे वस्तीतल्या प्रत्येक घराचं होतं. चुली थंड पडल्या, पायरव थांबला, की शेतातल्या घुशी घराखाली मुक्कामाला. मांजराएवढी जनावरं. माती उकरून बाहेर ढीग लावतात, आतली जमीन पोखरतात आणि वरून काही दिसत नाही.

त्या पौषात एका सकाळी आजी चुलीजवळून उठली आणि पाणी आणायला निघाली. एका फरशीवर पाय पडला, फरशीचं टोक खाली गेलं, पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि म्हातारी कमरेवर आदळली. तिची हाक आम्हाला लवकर ऐकूही आली नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, पण तिसऱ्या दिवशी ती गेली. मी पहिल्याच दिवशी दगडूला मोबाईल लावला होता. मुकादम म्हणाला, आज गाडी भरू द्या, उद्या जा. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. शेवटी ते चौघं पोचले तेव्हा सरण निम्मं जळलं होतं आणि अग्नी दगडूच्या चुलतभावानं दिला होता.

कौसाबाई रडली नाही. स्मशानातून सरळ घरी आली, त्या भगदाडापाशी पालथी पडली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत ज्वारी होती. तिच्याच कणगीतली. ती मूठ आम्हा सगळ्यांसमोर धरून ती म्हणाली, "माझंच खाऊन माझ्याच घरात खड्डा खनला. आता ह्यांचा वंश ठिवनार न्हाई मी." दहावा-तेरावा झाला. मुलगा-सून परत उसात गेले, दगडूही उसाच्या गाड्या भरायच्या कामाला गेला. कौसाबाई गेली नाही. कोयता मात्र तिनं दगडूच्या हातातून काढून घेतला. "माझा कोयता आता हितं चालनार," म्हणाली.

मी शिकलेला माणूस, तेव्हा सल्ले देणं ओघानंच आलं. पण सल्ला द्यायलासुद्धा ती मला घरात बसू द्यायची नाही. घुशी ऐकतात, अशी तिची पक्की खात्री. औषधाचं नाव घरात काढायचं नाही, पिंजऱ्याचं नाही, मारण्याचं तर नाहीच. बोलायचं असलं तर मला मारुतीच्या पारावर न्यायची आणि तिथंही आधी टाच आपटून बघायची. मी तालुक्याहून विषाच्या वड्या आणल्या. दोन घुशी मेल्या, त्याही फरशीखाली, आणि आठ दिवस आम्हाला नाकाला रुमाल लावून जेवावं लागलं. "गुरुजी, मेल्या पर सूड त्यांनीच उगवला," ती म्हणाली. मग पिंजरा आणला. एक सापडली, बाकीच्या त्याच्याकडं फिरकल्याही नाहीत. बिळात पाणी ओता असं मी सुचवलं, तेव्हा तिनं माझ्याकडं असं बघितलं की माझी मलाच लाज वाटली. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. "मानसाला घोटभर न्हाई, आन् घुशीला अंघूळ घालू?"

मग तिनं मिरच्यांची धुरी द्यायचं ठरवलं. मडक्यात गोवऱ्या पेटवल्या, वर सुक्या मिरच्या टाकल्या, मडक्याचं तोंड बिळाला लावलं आणि सुपानं वारा घालत बसली. घरातली बाकीची भोकं आधीच चिखलानं बुजवली होती. धूर आत जात होता, पण घूस काही बाहेर येत नव्हती. एवढ्यात आमच्या घरातून आमची ही पदर तोंडाला लावून, खोकत, डोळे पुसत, मला आणि कौसाबाईला एकाच दमात शिव्या देत बोळात आली. धूर आमच्या मोरीतून निघत होता. बोळाखालून थेट आमच्या घरापर्यंत भुयार गेलेलं. कौसाबाई मोरीत जाऊन वाकून बघून आली आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्याकडंबी पावने हायेत, गुरुजी. माझ्याकडं जेवत्यात, तुमच्याकडं झोपत्यात." त्या दिवसापासून त्या सुडात मीही सामील झालो. घरच्यांना खोकताना बघितलं की शिकलेल्या माणसाचंही रक्त तापतं.

युक्ती शेवटी तिलाच सुचली, आणि ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. पारावर बसून तिनं ती मला समजावली. "ऊस तोडताना आमी कडंनं आत जातो. रानातलं समदं जनावर पुढं पुढं सरकतं. ससा, मुंगूस, उंदीर, समदं. शेवटाला मधी एक तुकडा उभा ऱ्हातो, आन् समदी त्याच्यात गोळा हुत्यात. तवा कोयता घिऊन भोवतीनं हुबं ऱ्हायाचं." मग माझ्या घराकडं आणि तिच्या घराकडं आळीपाळीनं बोट दाखवून म्हणाली, "हे बी रानच समजा."

सुरुवात माझ्या मोरीपासून झाली. आधी ती बुजवली, मग बोळ खणला आणि मग तिच्या घराचा उंबरा. रोज एक रांग. पहारीनं फरशा उचलायच्या, खालची भुयारं उकरायची, त्यात दगड, काचांचे तुकडे आणि सिमेंटचा माल भरायचा, धुम्मसानं ठोकायचं, फरशा परत बसवायच्या. रस्त्यावरच्या ढाब्यांवरून ती स्वतः पोत्यानं रिकाम्या बाटल्या आणायची आणि बोळात बसून फोडायची. धुम्मस मारताना तिचं तोंड थांबत नसे. "घे, जवारी खा. घे, फरशी खा. आत्याबाईची कंबर पचली का? आता ही काच पचव." सबंध वस्ती ते ऐकत असे. पोरींनी खेळताना तिची नक्कल सुरू केली तेव्हा मी त्यांना दटावलं, पण एकदा शाळेत खिळा ठोकताना माझ्याही तोंडून निघालं, घे, काच खा.

फाल्गुनाच्या शेवटी चुलीजवळच्या कोपऱ्यातल्या दोनच फरशा उरल्या. तिथंच आजीचं अंथरूण असायचं. कौसाबाईनं तीन दिवस तिथं हात लावला नाही. कणगी देवळात नेऊन ठेवली, घरात दाणा ठेवला नाही. "भुका लागू द्या," म्हणाली. चौथ्या दिवशी सकाळी तिनं मला बोलावलं. फरशांभोवती तिनं पत्र्याचे तुकडे उभे करून कुंपण केलं होतं. ती कोयता घेऊन आत उभी राहिली. माझ्या हातात पहार दिली.

मी फरशी उचलली. त्या सगळ्या तिथंच होत्या. मी मोजल्या नाहीत. एक मात्र मोठी होती, तिच्या पोटाशी पिल्लं लुचत होती आणि ती पळाली नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "कौसाबाई, बाळंतीण आहे हो." तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. "आत्याबाई बी एकलीच हुती," ती म्हणाली आणि कोयता खाली आणला. एकही सुटली नाही. उसाच्या बुडख्याशी बसतो तसाच घाव प्रत्येक वेळी. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो, पण खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटत नव्हतं. बरं वाटत होतं.

नंतर तिनं बीळ उकरलं. तळाशी मातीत एक स्टीलची वाटी निघाली. भांड्यावर नाव घालतात तसं तिच्यावर नाव कोरलेलं होतं, सोनाबाई. आत काहीतरी वाळून चिकटलं होतं. कौसाबाईनं ती पदरानं पुसली, उलटीसुलटी करून बघितली. "चोरून न्हेली बघा," म्हणाली आणि वाटी कमरेला खोचली.

पण ती वाटी घुशीनं चोरली नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात शाळेला जाताना मी रोज बघायचो. म्हातारी चहात भाकरी कुस्करायची, त्या वाटीत घालायची आणि कोपऱ्यातल्या बिळाच्या तोंडाशी ठेवायची. मग बोलत बसायची, पोरं आज कुठल्या रानात असतील, सुनेनं स्वेटर घातला असंल का. मी एकदा दारातून विचारलं होतं, "काय आजी, घूस पाळली काय?" ती म्हणाली, "घरात कायतरी हललं पायजे, गुरुजी." मी हसलो आणि शाळेत गेलो. मला बीळ दिसत होतं. एक दगड त्यात ठोकायला मला किती वेळ लागला असता? एखाद्या संध्याकाळी तिच्याजवळ बसायला तरी किती?

पुढं कौसाबाईचं नाव झालं. आसपासच्या गावांतून लोक तिला बोलावून न्यायचे. ती टाच आपटत घरभर फिरायची आणि जिथं थांबायची तिथंच बीळ निघायचं. ऊसतोडीला ती पुन्हा गेली नाही, दगडूलाही जाऊ दिलं नाही. घरात एकटं माणूस मागं ठेवायचं नाही, असा तिनं कायदाच केला. पुढच्या दसऱ्याला मुकादम बोळात आला. तिनं त्याला बाज टाकून दिली, पाणी दिलं. तो बोलायला लागणार, तेवढ्यात म्हणाली, "मुकादम, तुमच्या घराखाली कुठं पोकळ वाजतंय का? वाजत असंल तर सांगा. मी येते, कोयता घिऊन." तो पाणी न पिताच उठला. दुसरा मुकादम मिळाला मुलाला, हा पुन्हा आमच्या बोळात दिसला नाही.

मी निवृत्त झालो आणि नगरजवळ केडगावला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. तिथंही ती एकदा आली, नगरला डोळे दाखवायला आली होती तेव्हा. दुसऱ्या मजल्यावर पोचली, दारातच टाच आपटली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पोकळ हाय."

"खाली माणसं राहतात, कौसाबाई."

"असू द्या. पोकळ ते पोकळ." तरी बसली. चहा झाल्यावर इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी तिला सांगून टाकलं. वाटीचं, भाकरीचं, माझ्या हसण्याचं. ती बशी हातात धरून ऐकत राहिली.

"ठावं हुतं मला," ती म्हणाली. "वाटीत चहाचा डाग हुता, गुरुजी. घुशी वाटी न्हेत्याल, पर त्यांच्यासाठी चहात भाकरी कोन कुस्करनार?"

"मग तरी तुम्ही त्यांना...?"

"मंग कुनाला मारू?" तिचा आवाज एकदम चढला. "मुकादमाला मारू? उसाच्या मालकाला मारू? सहा सहा म्हयने म्हातारीला एकली टाकून जानारी मी, मला मारू? तुमाला मारू? कोयता उचललेला हुता, कुनावर तरी पडायचाच हुता. त्या जवळ हुत्या." मग बशी खाली ठेवली आणि पिशवीतून ती वाटी काढून माझ्यापुढं सरकवली. "ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. माझ्या घरात ती लई वाजती."

गेल्या पौषात कौसाबाई गेली. ऐन हंगामात. दगडूनं आदल्या दुपारीच उसात फोन लावला होता. या वेळी मुलानं मुकादमाला विचारलं नाही, कोयता रानात टाकला आणि बायकोला घेऊन मिळेल त्या गाडीनं निघाला. आईच्या तोंडात पाणी त्यानंच घातलं. मी पोचलो तेव्हा तिला चुलीजवळच्या त्या कोपऱ्यात निजवलं होतं. घरात आत-बाहेर पन्नासेक माणसं उभी होती, बायका छाती पिटत होत्या, पण एकही फरशी हलत नव्हती. दगडूनं मला बसायला जागा करून दिली. मी बसण्याआधी टाच दोनदा आपटली. कुणी हसलं नाही. आवाज भरीव आला. मग मी तिच्या उशाशी बसलो आणि मोठ्यानं रडलो.