मारुतीला वाहिलेला आवाज

आमच्या शाळेची घंटा मोडली, ते दोन आठवडे कुणाच्या लक्षातच आलं नाही. कारण मी होतो.

साताऱ्याजवळच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो आणि मुलींना खो-खो शिकवतो. दोन्ही ओरडून. शिवाय मी मारुतीचा भक्त. शनिवारचा उपास, तेल, रुईची माळ, सगळं रीतसर. सामन्याआधी पोरींना मैदानातल्या खांबाच्या पाया पडायला लावणारा प्रशिक्षक दुसरा कुणी असेल असं वाटत नाही. (पाया पडता पडता खांबाचा अंदाजही येतो, असं आपलं माझं शास्त्र.) पण एवढी भक्ती करूनही वीस वर्षांत आमचा संघ एकदाही करंडक घेऊन घरी आला नव्हता. हे एकच माझ्या जिवाला लागलेलं! शाळेतल्या काचेच्या कपाटात करंडकाऐवजी चित्रकलेच्या बाई ब्रश ठेवायच्या.

यंदा सांगलीच्या स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. मुलींबरोबर कुणी बाई लागते म्हणून आमच्या सौ., म्हणजे सुलभा, आलेल्या. शुक्रवारचा सामना, शेवटचं मिनिट, जिंकायला दोन गुण हवे. मी डोळे मिटून हात जोडले.

"मारुतीराया, आजचा दिवस निभावून ने, अकरा नारळ फोडतो!"

"नारळ काय फोडताय?" सुलभा कानाशी म्हणाली. "त्याची चटणी तुम्हीच खाणार. लोक काशीला जाऊन आवडती भाजी सोडून येतात. तुम्हीपण आवडीचं काहीतरी सोडा की!"

"काय सोडू?"

"बोलणं! उद्या फायनल. सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत मौन!"

"दिलं!" मी ओरडलो. त्याच क्षणी आमच्या कप्तान गौरीनं खांबावर सूर मारला, दोन पोरी पाठोपाठ बाद केल्या, आणि आम्ही फायनलला! मी आनंदानं नाचलो. काय कबूल करून बसलोय ते रात्री जेवताना ध्यानात आलं. तोंडातला घास तोंडातच राहिला.

शनिवारी सकाळपासून तोंड बंद. लिहून सांगावं म्हटलं तर तीही वाट मीच बुजवून ठेवलेली. "चिठ्ठ्या लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच!" हे मी वर्गात हज्जारदा बजावलेलं, आणि त्याच वर्गातल्या सात पोरी संघात! तेव्हा लिहायचं नाही, फक्त खुणा करायच्या, असं ठरवलं. (सोयीपुरतं शास्त्र माणसाला बरोबर सापडतं.) खुणांचा अर्थ पोरींना सुलभा सांगणार होती. घरी श्रावणी सोमवारी जेवताना माझं मौन असतं, त्यामुळे माझी खूण न् खूण तिला पाठ. घोटाळा झाला तो तिथंच. तिला पाठ होत्या त्या स्वयंपाकघरातल्या खुणा!

फायनलला समोर सांगलीचाच संघ. मैदान भरून माणसं. शेवटची पाळी, पाठलाग आमचा, चार मिनिटं उरलेली आणि जिंकायला तीन गुण हवे. सांगलीची एक उंच पोरगी कुणाच्या हाताला लागेना. तिला खांबापाशी कोंडायचं आणि सूर मारायचा, एवढंच मला सांगायचं होतं. मी बाकावर चढून दोन्ही हात डोक्यावर जोडून खांब दाखवला, मग हाताचा पंजा आडवा खाली नेऊन सूर दाखवला.

सुलभा ओरडली, "सर म्हणतायत, मी देवाला चाललो, तुम्ही पडा जरा!"

"आवं काकू, आता पडायचं?" धावता धावता गौरी किंचाळली.

मी मान जोरजोरात हलवली. छातीवर बुक्की मारून दाखवलं, की धीर धरा, छातीठोक खेळा!

"अगं बाई, छातीत जळजळतंय का? तरी सांगत होते, साबुदाणावडे चार खाऊ नका!"

मी कपाळावर हात मारला. तोल गेला आणि बाकावरून मागच्या मागं गवतात पडलो. पडल्या पडल्याही हात हलवून खूण करायचं सोडलं नाही, हीच माझी चूक. समोरच्या संघाचे सर धावत आले.

"आरं, सरांना झटका आला वाटतं! गाडी बोलवा, गाडी! सर, लय दुखतंय का? बोला की!"

मी बोटांनी 'काही नाही' अशी खूण केली.

"न्हाई बोलता येत! वाचा गेली बघा!"

"अहो, मौन आहे त्यांचं!" सुलभा सांगत होती. पण स्पर्धेची रुग्णवाहिका मैदानाच्या कडेलाच उभी होती, तोवर चौघांनी मला स्ट्रेचरवर घेतलेलं. गाडीतल्या डॉक्टरनं माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली.

"काका, नाव सांगा तुमचं."

मी आकाशाकडं बोट दाखवलं. सूर्य अजून मावळायचाय, एवढंच म्हणायचं होतं. डॉक्टरचा चेहरा पडला. "काकू, हे वर जायची भाषा करतायत. चला लवकर!"

आता मात्र सुलभाही घाबरली. "अहो, पुरे झाला नवस! एक शब्द बोला!"

बोललो असतो. शब्द अगदी जिभेवर आलेला. पण गाडीच्या दारातून मैदान दिसत होतं. गौरी मांडी घालून नव्हे, उकिडवी, बाणासारखी सुटायच्या तयारीत बसलेली. अजून दोन गुण हवे होते. मी तोंड उघडलं आणि पोरी हरल्या तर? देवाला दिलेला शब्द मी शब्द बोलून मोडू? मी ओठ घट्ट मिटले. दार धाडकन लागलं. वीस वर्षांत पहिल्यांदा फायनल, आणि मी भोंगा वाजवत उलट्या दिशेला!

दवाखान्यात छातीला तारा लावल्या, हात वर करा, पाय वर करा, सगळं झालं. तारांचा कागद चांगला आला. "मग बोलत का नाहीत?" म्हणून डॉक्टर जास्तच चिंतेत. मी खिडकीतून सूर्याकडं बघत पडून राहिलो. तोही मेला खाली जाईना! पोरी हरल्या की जिंकल्या, या विचारानं खरंच छातीत धडधडायला लागलं.

सूर्य मावळला, आणि दार ढकलून बाराच्या बारा पोरी आत! गौरीच्या हातात करंडक! सुलभा पदरानं डोळे पुसायला लागली. माझेही डोळे भरून आले. मी ताडकन उठून बसलो. वीस वर्षांचं भाषण घशात तयार होतं. म्हणायचं होतं, पोरींनो, ही माझ्या तपश्चर्येची...

"सर," गौरी मधेच म्हणाली, "रागावणार न्हाई न्हवं? एक सांगू?"

मी मान हलवली.

"तुमी नि काकू गेल्यावर आपल्या बाजूला लय शांत झालं. आज पयल्यांदा आमाला एकमेकींचा खो ऐकू आला."

बाकीच्या अकरा जणींनी जमिनीकडं बघत माना डोलावल्या. माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आवाज म्हणून फुटेना.

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं आणि नर्सला म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? वाचाच गेलीय. आजची रात्र ठेवून घ्या."