रेंजवरची सवत

आज दुपारी रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला. तावदानं थरथरली, ह्यांच्या फोटोवरचा हार हलला आणि मला तो जुना दिवस आठवला.

हे वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. त्यांचं इंजिन सेवेतून काढल्यावर लष्कराने रेंजवर निशाणा म्हणून उभं केलं. पहिल्या गोळ्याचा आवाज घरापर्यंत आला तेव्हा हे जेवत होते. भाकरीचा घास हातातच राहिला आणि डोळ्यांना धार लागली.

"अहो, लोखंडाला दुखतं का?" मी म्हणाले.

"लई गुणाची हुती गं ती."

ती! बाळंतपणात मी मरता मरता वाचले, तेव्हा हा माणूस रडला नव्हता.

आजही तशीच जळले मी. ती गेली तेव्हा रडायला हे होते. मी जाईन तेव्हा नसतील.