देवगाव कुठल्या तालुक्यात?

हर्सूलच्या शाळेत रत्नमालाबाई साळवे सव्वीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवत होत्या, अन् खडूशिवाय त्यांनी कशाला हात म्हणून लावला नव्हता. यंदा नववीच्या वर्गात टच-बोर्ड आला आणि मुख्याध्यापक काकासाहेबांनी फर्मानच काढलं. "बाई, सोमवारी मी मागं बसणार. बोर्डावर तास जमला तर नववी तुमची, नाय तर विश्वजीत सरांकडं देतो." विश्वजीत सर म्हणजे परवा-परवा नोकरीला लागलेलं पोर! अन् नववी म्हणजे बाईंचा जीव की प्राण.

मग काय, बाई हट्टालाच पेटल्या. लेकीला शेजारी बसवून आठवडाभरात स्लाइडवर जिल्ह्याचा नकाशा केला. गावाचं नाव बोटानं ओढायचं, तालुक्यात सोडायचं. बरोबर असलं तर हिरवं, चुकलं तर लाल. उत्तरं पुस्तकात बघून भरली म्हणता? छे! मतदानाच्या ड्युट्या करून करून उभा जिल्हा पालथा घातलेला, त्यांना कशाला लागतंय पुस्तक.

सोमवारी पोरं बोर्डावर नुसती तुटून पडली. मग सायली उठली. या पोरीनं वर्षभरात हजेरीपुरतंच तोंड उघडलं होतं. तिनं देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात सोडलं. लाल. पुन्हा सोडलं, पुन्हा लाल. वर्ग फिदीफिदी हसला.

"बाई, माझं गाव हाय ते," ती म्हणाली. "कन्नडच हाय. दाखल्याला आम्ही कन्नडलाच जातो."

बाईंना आत्ता आठवलं. वैजापूरच्या ड्युटीला जाताना जीपमधून देवगावची पाटी दिसली होती. तेवढ्यावर त्यांनी आख्खं गाव वैजापुरात टाकलं होतं. मागं काकासाहेब वहीत काहीबाही खरडत होते. बोर्ड बिघडलाय म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण पोरगी रडवेली झालेली, ते बाईंना बघवेना.

"सायली बरोबर आहे, मी चुकले," त्या सरळ म्हणाल्या. "ये, तूच दुरुस्त कर."

बाई सांगत गेल्या, सायलीनं उत्तर बदललं अन् देवगाव हिरवं झालं. टाळ्यांचा नुसता कडकडाट. मग ज्याला त्याला आपलं गाव तपासायचं होतं. बोर्डासमोर ही लांब रांग लागली. घंटा झाली तरी कुणी हलेना.

काकासाहेब उठून पुढं आले. गेली आपली नववी, बाईंना वाटलं.

"माझं गाव बघू द्या," म्हणत त्यांनी बोर्डाकडं हात नेला.

"सर, रांगेनं या," सायली म्हणाली.

काकासाहेबांनी एकदा तिच्याकडं, एकदा बाईंकडं पाहिलं अन् मुकाट रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

"बाई," तिथून ते म्हणाले, "नववी तुमचीच. पण माझा नंबर येईस्तोवर बोर्ड बंद करू नका."