ज्योतीला धरलेला आडोसा

चर्चच्या आवारातल्या क्रुसापुढे मेणबत्ती लावताना मी देवाला मनातच अट घातली. ही शेवटपर्यंत जळली, तरच आईचा उद्याचा रिपोर्ट चांगला येणार. वारा सुटला, तसा मी ज्योतीला हाताचा आडोसा धरला.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी आपली मेणबत्ती लावली, क्रुसाची खूण केली आणि त्या निघाल्या.

"तुमची विझेल," मी हळूच म्हटलं.

"विझू दे. त्याला सांगून झालंय माझं. तू काय पहारा देतेस गं बाय?"

मला वर बघवेना. देवाची परीक्षा घ्यायला बसले होते आणि उत्तरही मीच लिहीत होते. मी हात काढून घेतला, फाटकापर्यंत गेले, आणि जळतेय का, हे वळून पाहिलंच.