सखारामकाकांची मूठ

आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत पट्ट्या संपायच्या, पावडर संपायची, किस्से मात्र कधी संपले नाहीत. एक सांगून होतोय तोवर दुसरा दारात लंगडत उभा! ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मॉरिशसच्या उत्तरेकडची. टेबलावर आमचा राजा बसलेला, करंटचं मशीन. लकव्यानंतर हातपाय आखडतात ना, तिथे ओल्या पट्ट्या लावायच्या, बटण फिरवायचं. मुंग्या येतात आणि आवळलेला स्नायू हळूहळू सैल पडतो. पेशंट त्याला क्रेओलमध्ये ‘कुरां’ म्हणायचे. मी तिथली फटकळ मराठी बाई, पण पेशंट माझ्याहून फटकळ!

*

बों अक्योय गावच्या राधाक्का पहिल्यांदा आल्या त्या नारळ घेऊनच. मी पट्ट्या भिजवेपर्यंत त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, वर जास्वंद ठेवलं! तेवढ्यात डॉक्टर आत आले. ओल्या कुंकवाचे लाल ओघळ बघून ओरडले, “आयो! कुणाला लागलं?”

“कुणाला नाय. नव्या यंत्राला हात लावायच्या आधी पूजा नको?” अक्का म्हणाल्या.

पुढे मशीन रुसलं की मेकॅनिकच्या आधी डॉक्टरच विचारायचे, “अक्का कधी येणार आहेत?”

*

गुडलँड्सच्या बसचा ड्रायव्हर, सोमूभाऊ. उजवा पाय लाकडासारखा ताठ. करंट सुरू केला की पाऊल आपोआप खालीवर व्हायचं. भाऊ डोळे मिटून पडलेले. मी विचारलं, “कसं वाटतंय?”

“बाई, ॲक्सिलरेटर झकास लागलाय! आता ब्रेक कुठे ते दाखवा.”

शेजारच्या खाटेवरून राधाक्का म्हणाल्या, “मला बाजारापाशी उतरव रे!”

*

आणि आमचे सखारामकाका! लॉंग माउंटनचे, ऊसतोडणीचे सरदार, म्हणजे मुकादम. लकव्यात उजव्या हाताची मूठ घट्ट मिटली ती उघडेचना. पहिल्याच दिवशी विचारलं, “बाई, मिटल्या मुठीनं कन्यादान होतं का?”

एकुलत्या एका लेकीचं, सुनीताचं लग्न ठरलेलं. कन्यादानाचं पाणी बापाच्या ओंजळीतून जावयाच्या ओंजळीत पडायला हवं. भटजींनी सुचवलं, चुलता करेल. काका असे भडकले! “पोर माझी आणि ओंजळ दुसऱ्याची?”

काकी हसून म्हणाल्या, “झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण लग्नात ती काय कामाची?” हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मला फार वाईट वाटलं. म्हणून जरा जास्तच रागावून बोलले, “रोज यायचं! आणि बोटं कुणी ओढायची नाहीत. ओढली की मूठ आणखी आवळते.”

*

काका रोज आले. करंट घ्यायचा, मग बोटं उघडायचा सराव. आधी अंगठा सुटला, मग दोन बोटं. घरी काकी तांब्यातून पाणी सोडायच्या आणि काकांचं धोतर भिजायचं!

संध्याकाळी देवळात बसूनही तेच. तळहात उघडला की पुजारी त्यावर शिरा ठेवायचे. काका खायचे, हात पुसायचे, पुन्हा उघडायचे. पुन्हा शिरा! शेवटी पुजारी वैतागले, “सखारामा, जेवून येत नाहीस का रे घरून?”

*

लग्नाला मी पहिल्या रांगेत. काकींनी पाणी सोडलं. काकांच्या ओंजळीची बोटं उघडीच राहिली! पाणी जावयाच्या ओंजळीत पडलं आणि मांडवात सोमूभाऊंनी अशी शिट्टी मारली की भटजी मंत्र विसरले. राधाक्का तर रडायलाच लागल्या.

मग भटजी म्हणाले, “आता मुलीचा हात जावयाच्या हातात द्या.”

काकांनी सुनीताचा हात धरला. आणि मूठ मिटली! घट्ट! जावई हात पुढे करून उभा. चुलता धावला, बोटं ओढायला लागला. “ओढू नका!” मी ओरडले आणि उठून पुढे गेले.

काकांच्या हाताचे स्नायू चाचपले. दंड सैल, मनगट सैल, सगळं लोण्यासारखं मऊ. मी वर पाहिलं. काका माझ्याकडे न बघता पुटपुटले, “बाई, जरा वेळ कुरां बंद ठेवा की.”

मी वळले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “भटजी, आणखी दोन मंत्र म्हणा. स्नायूला वेळ लागतो!”