चुळबुळशेठची धायटी

मेडशीच्या आमच्या शेजारच्या कापडदुकानदाराला एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. गिऱ्हाईक लुगडं निवडेपर्यंत शेठ गल्ल्यावरून उठून दोनदा माडीवर जाऊन येत. सारं गाव त्यांना चुळबुळशेठ म्हणे, मी काका म्हणायचो. माडीवर कुंडीत त्यांची धायटी होती.

धायटी म्हणजे माळावरचं झुडूप, फाल्गुनात लालभडक फुलणारं. लोक वडा-पिंपळाचं बोन्साय करतात, काकांना मात्र हीच हवी. रस्त्यासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात तिचं वेडंवाकडं खोड त्यांना सापडलं. "उपटली दुसऱ्यानं, जगवू आपून," म्हणत ते घेऊन आले. तारेनं साल दुखेल म्हणून तिच्या फांद्या ते कापडाच्या चिंध्या बांधून वळवत.

पण काका पडले जैन, आणि नेमाचे पक्के. ज्यांच्या घरात कांदा-बटाटा येत नाही, ते झाडाची मुळं कशी कापणार? आणि मुळं कापल्याशिवाय बोन्साय कसलं? काकांनी आपला तोडगा काढला. मुळं दाटली की थोरली कुंडी आणायची. त्यामुळे दर साली मोठं होणारं जगातलं हे एकच बोन्साय असावं. गाव हसे, काकाही हसत, पण चुळबुळ वाढत चालली होती.

शेवटी त्याहून मोठी कुंडी कुठे मिळेना. पानं पिवळी पडू लागली. काका जेवता जेवता उठत, जिना चढत, तसेच खाली येत. मी म्हणालो, "काका, मी कापतो ना."

"करनं अन् करवनं सारखंच पाप हाय," ते म्हणाले. "अन् पाहून खूश झालो, तरी बी."

एका सकाळी ते मंदिरात गेले असताना काकींनी दुकानातली कात्री घेतली आणि मुळं छाटून धायटी उथळ कुंडीत बसवली. नेम त्यांचाही होता. काका परतले, पाहिलं आणि मटकन खाली बसले. "काहून केलं?"

"तुमाले झोप नाई," काकी म्हणाल्या. "माह्यं पाप मी पाहीन."

धायटी जगली. फाल्गुनात अशी फुलली की रस्त्यावरची माणसं थांबून वर पाहत. काका मात्र तोंड फिरवून पाणी घालत, ते निम्मं कुंडीबाहेर सांडे. मला त्यांचा राग येई आणि कीवही. एकदा राहवलं नाहीच त्यांना. पाठमोरेच मला म्हणाले, "लाल हायेत का रे?"

परसाली काकी गेल्या. यंदा मुळं पुन्हा दाटली. परवा मी सहज माडीवर गेलो, तर काकांनी धायटी कुंडीतून उपसून ठेवलेली आणि हातात कात्री.

"काका, नेम?"

"कर्म वाटून घेता येत नाई, मले मालूम हाय. पन तिले एकटीले त्यात कायले ठेवू?"

त्यांनी कात्री मुळांना लावली. मी खोड धरायला पुढे झालो, तसे ते केवढ्यांदा ओरडले, "तू हात नको लावू! लांब उभा राह्य."